बोअर मारताना केसिंगभोवती सिमेंट भरा: मुंबईतल्या सोसायट्यांसाठी कृती

सोसायटीच्या सभेत बोअरचा विषय निघाला की वाद दोनच गोष्टींवर होतो, किती फूट जायचं आणि फुटाला भाव काय. आत येणारं पाणी नेमकं कुठून येणार, हे सहसा कुणी विचारत नाही. मुंबईत तरी बोअरचं पाणी चांगलं निघणार की नासकं, हे बहुतेक वेळा वरच्या तीस-चाळीस फुटांत ठरतं. तिथे भराव असतो, मुरूम असतो, गटारं असतात, जुन्या शौचकुंडांच्या टाक्या असतात आणि खाडीकाठी खारं पाणीही असतं. हे सगळं केसिंगच्या, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या पाइपाच्या, बाहेरून खाली उतरू द्यायचं नसेल तर केसिंग आणि जमीन यांच्यामधली पोकळी सिमेंटने बंद करावी लागते. हे काम बोअर मारतानाच होतं. नंतर करायला गेलं तर दुप्पट खर्च होतो आणि निम्माच उपयोग.

मी नोकरीत असताना मुंबई हायवर, म्हणजे मुंबईजवळच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रात, सिमेंटिंगच्या कामात होतो. जुहूहून हेलिकॉप्टरने रिगवर जायचं आणि तेलविहिरीच्या केसिंगमागे सिमेंट भरायचं. समुद्राखाली हजारो फुटांवर जे तत्त्व लागतं तेच आपल्या चाळीस फुटांनाही लागू पडतं. तरीही आमच्याच सोसायटीचा पहिला बोअर सिमेंटविना झाला, कारण तेव्हा मी ड्युटीवर होतो आणि कमिटीला कुणी सांगणारं नव्हतं. बोरिवलीला गोराई भागात, खाडीजवळ, भरावावरची आमची इमारत. पहिला पावसाळा आला आणि फ्लशच्या टाकीला वास सुटला. ऑगस्टमधली सकाळ होती, ऊन पडलं होतं. प्लंबरने पंप वर काढला. मी घरातला आरसा आणून उन्हात धरला आणि कवडसा बोअरमध्ये सोडला. तीसेक फुटांवर, केसिंग संपतं तिथे, काळ्या कातळावर बोटभर रुंदीचा एक ओघळ चमकत होता आणि त्यावर साबणाचे बुडबुडे होते. धुण्याभांड्याचं पाणी गटारातून झिरपत केसिंगच्या बाहेरून सरळ खाली उतरत होतं. दुसरा बोअर मारताना मी सुट्टी घेऊन उभा राहिलो. पुढची कृती त्या दुसऱ्या बोअरवरून आणि नंतर आजूबाजूच्या सोसायट्यांमध्ये केलेल्या कामांवरून लिहितो आहे.

पहिली पायरी: जागा आणि परवानगी

आधी आवाराचा कच्चा नकाशा काढा. ड्रेनेजचे चेंबर, गटाराची लाइन, पूर्वीची सेप्टिक टाकी (आता वापरात नसली तरी), कचऱ्याची जागा हे सगळं त्यावर दाखवा. बोअर या सगळ्यांपासून निदान १५ मीटर लांब असावा. मुंबईत एवढी जागा बऱ्याच सोसायट्यांकडे नसते, हे मला माहीत आहे. तसं असेल तर सिमेंटचं आवरण आणखी खोल न्यायचं आणि त्यात काटकसर करायची नाही.

पालिकेच्या वॉर्ड कार्यालयात विचारल्याशिवाय बोअर मारणारी गाडी बोलावू नका. शहराच्या पोटात पालिकेचे जलबोगदे आहेत, आता भुयारी मेट्रोही आहे. ठाण्यात एका बोअरच्या खोदाईत पालिकेच्या जलबोगद्याला इजा झाली आणि दुरुस्तीसाठी ३१ मार्च २०२३ पासून मुंबईभर १५ टक्के पाणीकपात करावी लागली. एका बोअरमुळे!

दुसरी पायरी: ठेकेदाराशी बोलणं, आणि ते कागदावर

नेहमीची पद्धत अशी असते. गाडी सकाळी येते, मुरूम संपून कातळ लागेपर्यंत मोठं भोक पाडते, केसिंग सोडते, बाजूची पोकळी निघालेल्या मुरमानेच बुजवते आणि लगेच आतून सहा इंचाची हॅमर बिट (आपटून कातळ फोडणारं पातं) घालून पुढे सुटते. संध्याकाळपर्यंत काम संपून गाडी दुसऱ्या गावाला निघालेली असते. या गाड्यांपैकी कितीतरी तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडहून येतात. मुलं कामाला वाघ असतात, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांचा हिशोब फुटावर असतो आणि उभ्या गाडीचे पैसे कुणी देत नाही.

म्हणून ठरवतानाच सांगा की गाडी दोन फेऱ्यांत येईल. पहिल्या दिवशी वरचं मोठं भोक पाडायचं, केसिंग सोडायचं, सिमेंट भरायचं. मग निदान दोन दिवस थांबून पुढची खोदाई. या थांबण्याचे किंवा परत येण्याचे पैसे वेगळे धरा आणि कोटेशनमध्ये लिहून घ्या. आमच्या वेळी ठेकेदार म्हणाला, "काका, एवढं कुणीच करत नाही, माती आपोआप दाबून बसते." माती बसते, हे खरंच आहे. पण बसलेल्या मातीतूनही पाणी झिरपतं, आणि आमच्या पहिल्या बोअरमध्ये ते आरशात दिसलंच होतं.

कोटेशनमध्ये आणखी तीन गोष्टी असू द्या: वरच्या भागात दहा इंचाचं भोक, आयएस १२८१८ प्रमाणातलं यूपीव्हीसी केसिंग, आणि केसिंगचं खालचं तोंड बंद करायला पीव्हीसीचं टोपण.

तिसरी पायरी: वरचं भोक आणि कातळाची ओळख

खोदाई चालू असताना कमिटीतलं कुणीतरी वही घेऊन उभं राहायला हवं. दर पाच फुटांना बाहेर पडणाऱ्या भुकट्याची मूठ प्लास्टिकच्या पिशवीत भरा आणि वर खोली लिहा. आधी भरावाची राड येते, विटांचे तुकडे, कधी काळा खाडीचा गाळ. मग पिवळा-तांबूस मुरूम. नंतर भुकटा करडा, कोरडा, बारीक होतो, हॅमरचा आवाज बदलतो आणि खाली जायचा वेग पडतो. हा कातळ. मुंबईच्या बऱ्याच भागात हा बसाल्ट असतो. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला त्याचेच उभे खांब उघड्यावर दिसतात.

पहिल्यांदा करडा भुकटा दिसला की लगेच थांबू नका. वरचा दोन-चार फूट कातळ कुजलेला, फटींचा असतो. घट्ट कातळात निदान पाच-सहा फूट आत गेल्यावरच केसिंग टेकवायचं. आमच्याकडे ३४ फुटांवर घट्ट कातळ लागला आणि केसिंग ४० फुटांवर बसवलं. पहिल्या बोअरमध्ये ते ३० फुटांवर, कुजक्या थरातच टेकलं होतं.

चौथी पायरी: केसिंग सोडणं

केसिंग भोकाच्या मध्यावर राहिलं पाहिजे. एका बाजूला टेकलं तर त्या बाजूला सिमेंट जात नाही आणि तिथेच पाण्याला वाट मिळते. दर दहा फुटांवर पाइपाभोवती पीव्हीसीच्या तीन-चार पट्ट्या फुगीर बांधल्या की सेंट्रलायझरचं काम होतं. सांधे सोल्युशन लावून नीट बसवा, आणि खालच्या टोकाला टोपण.

तोंड बंद केलेलं केसिंग भोकातल्या पाण्यावर तरंगतं, म्हणून सोडताना त्यात गोडं पाणी भरत जायचं. हे पाणी नंतरही काढायचं नाही. सिमेंटची स्लरी, म्हणजे पाण्यात कालवलेलं पातळ सिमेंट, पाण्याच्या जवळपास पावणेदोन-दोनपट जड असते. चाळीस फुटांची स्लरी बाहेरून दाबत असताना केसिंग रिकामं असेल तर तळाशी दर चौरस सेंटिमीटरला दोन किलोहून जास्त दाब येतो. आत पाणी असेल तर तो एक किलोच्या आसपास राहतो. त्यात सिमेंट घट्ट होताना तापतं आणि पीव्हीसी तापलं की नरम पडतं. रिकामं केसिंग चेपलेलं मी पाहिलं आहे, त्यात पुढे कुठलीच बिट जात नाही.

आणखी एक गोष्ट नवख्यांना हमखास चकवते. स्लरी भरत आली की केसिंग वर उचललं जातं. पाण्याने भरलेलं असलं तरी चाळीस फुटांना वरचा रेटा दोनशे किलोहून जास्त होतो. म्हणून केसिंगचं वरचं तोंड गाडीच्या चौकटीला साखळीने घट्ट बांधून ठेवा आणि सिमेंट धरेपर्यंत सोडू नका.

पाचवी पायरी: सिमेंटचा हिशोब

भोक २५० मिलिमीटर आणि केसिंगचा बाहेरचा व्यास १८० मिलिमीटर धरला तर मधल्या पोकळीत दर मीटरला साधारण साडेतेवीस लिटर स्लरी मावते, म्हणजे फुटाला सव्वासात लिटर. चाळीस फुटांना २९० लिटर. ५० किलोच्या एका गोणीत २५ लिटर पाणी घातलं तर ४१ लिटर स्लरी तयार होते. हिशोबाने सात गोण्या लागतात. पण भोक सरळ नळीसारखं कधीच नसतं, भरावात ते ढासळून फुगतं आणि फटीतही थोडं सिमेंट जातं. निदान ३० टक्के वाढीव धरा आणि दहा गोण्या आणून ठेवा. मध्येच सिमेंट संपलं आणि कुणीतरी दुकानात धावलं, तर तेवढ्या वेळात खालचं घट्ट व्हायला लागतं आणि दोन थरांमध्ये सांधा राहतो.

सिमेंट ताजं हवं. ५३ ग्रेडचं ओपीसी, म्हणजे साधं पोर्टलँड सिमेंट, चालतं. खाडीकाठी, खाऱ्या पाण्यात स्लॅगचं (लोखंडाच्या भट्टीतली मळी मिसळलेलं) सिमेंट जास्त टिकतं, फक्त ते सावकाश धरतं. कालवायला गोडंच पाणी घ्या. वाळू, खडी काही घालू नका, चिंचोळ्या पोकळीत ती अडकून बसते.

सहावी पायरी: कालवणं आणि वजन करणं

दोनशे लिटरच्या पिंपात पाणी मोजून घ्या, ड्रिल मशीनला ढवळणी लावा आणि सिमेंट हळूहळू सोडा. नंतर जाळीतून गाळा, कारण एक गुठळीही पाइप तुंबवते. इथे मजुरांचा हात पाण्याकडे जातोच, पातळ स्लरी ओतायला सोपी असते ना. पण जास्तीचं पाणी नंतर वर सुटतं आणि मागे भेगा ठेवतं.

रिगवर आम्ही यासाठी तराजूसारखं एक उपकरण वापरायचो. सोसायटीत दहा लिटरची बादली आणि भंगारवाल्याकडे असतो तसा काटा पुरतो. बादलीत आधी दहा लिटर पाणी मोजून रेघ मारा. त्या रेघेपर्यंत स्लरी भरा आणि बादलीचं वजन वजा करा. २५ लिटरच्या प्रमाणात कालवलेली स्लरी १८.३ किलो भरते. ३० लिटर पाणी पडलं असेल तर १७.४ किलो. १८ च्या खाली गेली की थोडं सिमेंट घाला. मी प्रत्येक पिंपाचं वजन स्वतः घेतलं आणि वहीत लिहिलं. तिसऱ्या पिंपाला काटा १७.२ वर थांबला. विचारल्यावर मुलाने कबूल केलं की हात धुतलेली बादली त्यातच ओतली होती.

सातवी पायरी: तळापासून वर भरणं

सगळ्या कामात महत्त्वाची पायरी हीच. स्लरी वरून ओतायची नाही. वरून ओतली तर ती पोकळीतल्या पाण्यातून पडताना विरघळत जाते, मध्येच कुठे तरी अडकते आणि खाली हातभर, दोन हात पोकळी तशीच राहते. वरून मात्र सगळं भरलेलं दिसतं.

बाहेरचा व्यास २५ मिलिमीटर असलेला एचडीपीई (प्लास्टिकचा) पाइप पोकळीतून थेट तळापर्यंत सोडा. पोकळी चहूबाजूंनी ३५ मिलिमीटरच आहे, त्यामुळे जाड पाइप जाणार नाही. आधी त्यातून साधं पाणी सोडून राड वर येऊ द्या. मग स्लरी ढकला. गच्चीचं वॉटरप्रूफिंग करणाऱ्या कारागिरांकडे ग्राउटिंगचा हातपंप असतो, तो एका दिवसासाठी भाड्याने मिळतो आणि या कामाला पुरतो. पाइपाचं टोक कायम स्लरीत निदान पाच फूट बुडालेलं ठेवून तो हळूहळू वर ओढत जा.

वर आधी गढूळ पाणी येतं, मग राखाडी पातळ पाणी, मग स्लरी. दिसली म्हणून थांबायचं नाही. वर आलेली स्लरी त्याच बादलीत भरून तोला. आत घालतो तेवढंच वजन बाहेर भरलं की पोकळी भरली. आमच्याकडे हे नवव्या गोणीला झालं. अर्ध्या तासाने पातळी दीड फूट खाली बसली होती, तेवढी पुन्हा भरून घेतली.

आठवी पायरी: थांबणं

आता केसिंगला कुणी हात लावायचा नाही. साखळी तशीच, गाडी हलवायची असेल तर केसिंग आधी दुसऱ्या आधाराला बांधून, जपून. ओपीसीला निदान ४८ तास द्या, स्लॅगच्या किंवा पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला ७२. थोडी स्लरी चहाच्या कपात भरून सावलीत ठेवा, नख रुतेनासं झालं तरीही ठरलेले तास पुरे करा.

दोन दिवस थांबायचं म्हटल्यावर कमिटीत कुरकूर झाली तेव्हा मी त्यांना तेलविहिरींची गोष्ट सांगितली. १९०३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लोम्पोक तेलक्षेत्रात युनियन ऑइलचा फ्रँक हिल तेलाच्या थरावरचं पाणी कसं रोखायचं या विवंचनेत होता. त्याने ५० गोण्या पोर्टलँड सिमेंट कालवून बेलरने, म्हणजे पोहऱ्यासारख्या लांब नळकांड्याने, विहिरीच्या तळाशी सोडलं आणि २८ दिवस थांबला. मग ते सिमेंट फोडून पुढे खोदलं, तेव्हा पाणी बंद झालेलं होतं. १९१० मध्ये कॅलिफोर्नियातच ए. ए. पर्किन्सने केसिंगमध्ये दोन अडसर सोडून त्यांच्या मधून स्लरी ढकलायची पद्धत काढली. मुंबई हायवर आम्ही मूळ तीच वापरत होतो. त्यांनी २८ दिवस काढले, आपल्याला दोनच काढायचे आहेत.

नववी पायरी: पाणी थांबलं का, हे पाहणं

गाडी परत आली की सहा इंची बिटने टोपण फोडा आणि कातळात फक्त दोन-तीन फूट पुढे जा. सुरुवातीला हॅमर जोरात मारू देऊ नका, ताजं सिमेंट तडकतं. मग कॉम्प्रेसरने आतलं सगळं पाणी उडवून बोअर कोरडा करा आणि रात्रभर तसाच ठेवा. या चाचणीसाठी आणखी एक रात्र मागावी लागते, ती मागाच.

सकाळी पुन्हा आरसा. केसिंगच्या खालच्या कडेला ओल नसेल आणि तळाशी पाणी साठलेलं नसेल तर सिमेंट धरलं. पाणी दिसलं तर पुढे खोदायचं नाही. केसिंगच्या तळाशी पाइपाने पुन्हा थोडी स्लरी सोडायची, वरून पाणी भरून दाब द्यायचा, दोन दिवस थांबायचं आणि परत पाहायचं. आमचा तळ कोरडा होता. सेक्रेटरी वहिनींनी स्वतः आरसा धरून पाहिलं आणि मगच गाडीवाल्याला पुढे जायला सांगितलं.

खाली खारं पाणी लागलं तर

खाडीकाठी असं होतं. शंभर-सव्वाशे फुटांवर बरं पाणी मिळतं, आणखी मिळेल म्हणून पुढे जावं तर दोनशेच्या पुढच्या फटीतून खारं पाणी येतं आणि वरचंही नासतं. म्हणून प्रत्येक फटीतल्या पाण्याला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचा मीटर लावा. आकडा एकदम उडाला तर खोदाई थांबवा आणि खालचा भाग सिमेंटने बुजवा. सहा इंची भोकात मीटरला १८ लिटर स्लरी लागते. खारी फट आणि तिच्या वरचा दहा-पंधरा फुटांचा घट्ट कातळ बंद व्हायला हवा. फट मोठी असेल तर आधी बारीक खडी टाका, नाहीतर स्लरी फटीत निघून जाईल. इथेही पाइपानेच, तळापासून.

वरचं तोंड

केसिंग जमिनीच्या वर किती ठेवायचं, हे जुन्या रहिवाशांना विचारून ठरवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तेव्हा तुमच्या आवारात पाणी कुठवर चढलं होतं, त्या खुणेच्या वर केसिंगचं तोंड हवं. तोंडावरून पुराचं पाणी आत गेलं तर खालचं सगळं सिमेंट फुकट. केसिंगभोवती काँक्रीटचा ओटा बांधा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या आदेशात त्याचं माप निदान अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि ०.६० मीटर उंच असं दिलं आहे, त्यातला निम्मा जमिनीच्या खाली. तोंडावर झाकण, आणि ते बोल्टने आवळलेलं.

जुना निकामी बोअर असेल तर तोही त्याच वेळी बुजवून टाका. उघडा बोअर लहान मुलांच्या जिवावर उठतो, आणि गटाराचं पाणी नव्या बोअरपर्यंत पोचायला तीच वाट असते. तळाला खडी-मुरूम, वरच्या चाळीस फुटांत पाइपाने सिमेंट. आमचा पहिला बोअर आम्ही असाच बंद केला.

पाण्याचा पहिला नमुना प्रयोगशाळेत पाठवा तो पंप चार-पाच तास चालवल्यानंतरचा. सिमेंटमुळे सुरुवातीला पाण्याचा पीएच चढलेला असू शकतो. आयएस १०५०० प्रमाणे टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतो, आणि १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय अजिबात नसावा. फ्लशला आणि धुण्याला वापरणार असलात तरी ही तपासणी करा. दुसरा नमुना जुलैच्या शेवटी, पाऊस जोरात असताना घ्या, कारण वरून गळती असेल तर ती तेव्हाच पकडता येते. भुकट्याच्या पिशव्यांवरच्या नोंदी, केसिंगची खोली, गोण्या, बादलीची वजनं आणि दोन्ही अहवाल एका पानावर उतरवून ते पान लॅमिनेट करा आणि पंपाच्या पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा. कमिटी बदलली तरी ते तिथे राहतं.